विडीचा दोरा

यादगिरीमामा जॅकार्डची कार्डं ठोकायचे.
एकोणतीस वर्षं.
हातात नुसती भोकं. मोर दिसायचा नाही.
मोर दिसायचा चार दिवसांनी, दुसऱ्याच्याच मागावर,
चादरीच्या काठात, मान वळवून.
"भोकांवर भरवसा ठेवायचा," म्हणायचे,
"नाहीतर जेवण जात नाही."

आता ते माश्या बांधतात.
बारीक गळ, त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस,
मंगळवार बाजारातल्या खाटकाकडून आणलेलं,
साबणानं दोनदा धुतलेलं, तरी कोंबड्याचाच वास येणारं.
अंगाला टॉवेलच्या कारखान्यातला उरला-सुरला दोरा,
बहुतेक मातकट.
लाल दोरा मी हातात घेतला की म्हणतात,
लाल तुला आवडतो.
चिलापीला विचारलंस का?

माशी बांधायची आणि मासा धरायचा.
श चा स, वेलांटीचा काना,
लिहायला एवढंच अंतर.
त्यात माझी तीन वर्षं गेली.

माझ्या माश्या सुटायच्या.
पहिल्या फेकीला पीस, दुसरीला दोरा,
तिसरीला गळ उघडाच,
देवळाबाहेर चप्पल हरवलेल्या माणसासारखा.
मामा काही बोलले नाहीत.
बोलली राजमणीमामी,
विडी घरकुलातल्या त्यांच्या दारात,
मांडीवर सूप, सुपात पानं, पानांत जर्दा,
दिवसाला हजार विड्या, हजार वेळा तोच दोरा,
नजर रस्त्यावरच्या भाजीच्या गाडीवर.
"आगु, आगु," म्हणाली. थांब.
"ओढतोस कशाला? दोऱ्याला बसू दे.
अन् शेवटचं टोक त्याच्याच पोटाखाली दाब.
मग चेकर छाट काढायला बसला तरी सुटत नाही."

त्या दिवसापासून सुटली नाही एकही.
मासाही लागला नाही एकही.

हिप्परग्याच्या तलावावर, पहाटे,
मार्चातली हवा अजून गार असते तेव्हा,
मी दर पाच मिनिटांनी माशी बदलायचो.
काळी, मग पिवळी, मग ती शेपटीवाली, मग परत काळी.
मामा कळकाची काठी धरून उभे,
सकाळभर एकच माशी.
"पाण्यात काय कमी होतं तेव्हा होतं," म्हणाले,
"तुझ्यात आधी होतं.
चाळीस फेका होईस्तोवर डबीला हात लावायचा नाही."

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.
गळाच्या नेढ्यात दोरी जाईना.
"तुझी दे," म्हणाले.
मी चांगली दिली, नीटस, दोन्हीकडे सारखी.
अंगठ्यानं चाचपली, परत केली.
डबीत बोट फिरवून काढली ती दुसरी,
एका अंगाला कललेली,
लाइट गेलेली असताना बांधलेली,
टाकून द्यायची राहिलेली.

ही कशाला, मी विचारलं.
ऐकू न आल्यासारखं केलं.

मी मोजत होतो. त्यांची फेक, माझी धाकधूक.
अठरा. पंचवीस.
एक चतुर काठीच्या टोकावर बसून गेला.
एकतीसला मी म्हणणारच होतो, मामा, बदलू का,
तेवढ्यात पाणी आतून उघडलं,
आवाज असा, की कुणी ओला टॉवेल झटकला,
आणि कळक वाकला.

तळहाताएवढी चिलापी. फार मोठी नाही.
पण माझी माशी तिच्या ओठात होती, तिरकीच,
आणि मामा, ज्यांना चिलापी धड दिसत नव्हती,
माझ्याकडे बघून हसत होते.

मामीनं संध्याकाळी ती चावलेली माशी
दिव्याजवळ धरली. पीस अर्धं गेलेलं.
दोरा नखानं खरवडून पाहिला.
"हं," म्हणाली, आणि पुढचं पान कापायला घेतलं.

त्या रात्री मी तशाच सहा बांधल्या.
मुद्दाम कललेल्या. सगळ्या खोट्या वाटल्या.
सातवी बांधताना कलण्याचं विसरलो.
ती अजून पाण्यात गेलेली नाही.
पण अंधारात डबी उघडतो तेव्हा
बोट तिच्यावरच जातं.